कानाने शिकायचे अलंकारशास्त्र

अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा आहे. उत्तर कोकणचा शिलाहार राजा माम्वाणी याच्या कारकिर्दीत वालधुनीच्या काठी काळ्या पाषाणातील हे भूमिज शैलीचे देवालय पूर्णत्वास जात होते, त्याच पिढीत काश्मीरमध्ये क्षेमेंद्र काव्यातील औचित्याचा विचार मांडीत होता, धारानगरीचा भोजराजा आपले अलंकारग्रंथ मागे ठेवून नुकताच निवर्तला होता, आणि कास्पियन समुद्राच्या आग्नेयेस असलेल्या गुर्गान नगरात अब्दुल काहिर अल-जुर्जानी नावाचा एक वैयाकरण या प्रश्नाचा छडा लावीत होता की शब्द तेच, अर्थही बहुधा तोच, असे असता एक वाक्य अंतःकरणाला भिडते आणि दुसरे कानावरून निघून जाते, ते कशामुळे. १०७८ च्या सुमारास तो वारला; त्याचे ‘असरारुल बलागा’ आणि ‘दलाइलुल इअजाज’ हे दोन ग्रंथ अरबी साहित्यशास्त्राचा पाया ठरले. या शास्त्राला अरबीत बलागा आणि आपल्याकडील मदरशांत बलागत म्हणतात. ज्या काळी आपल्या देशात अलंकारांची इतकी सूक्ष्म चिकित्सा चालू होती, त्याच काळी तशीच चिकित्सा दुसऱ्या एका भाषेत, स्वतंत्रपणे, तितक्याच गांभीर्याने चालू होती, ही गोष्ट मराठी वाचकाला माहीत असणे अगत्याचे आहे.

ती भाषा या मुलखाला अनोळखी होती असेही नाही. बगदादचा प्रवासी अल-मसूदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६ च्या आसपास चौल बंदरी आला, तेव्हा तेथे शिलाहार घराण्यातीलच झंझ राजाचा अंमल होता, आणि सिराफ, ओमान, बसरा व बगदाद येथून आलेले तसेच येथेच जन्मलेले मिळून सुमारे १०,००० मुसलमान त्या नगरात राहत असल्याचे त्याने नमूद करून ठेवले आहे. पुढे चौदाव्या-पंधराव्या शतकांत माहीमचे मखदूम अली माहिमी, ज्यांच्या उरुसात मुंबई पोलिसांचा मान आजही पहिला असतो, त्यांनी कुराणावर ‘तबसीरुर् रहमान’ हे अरबी भाष्य लिहिले. एका आयतीचा पुढच्या आयतीशी अन्वय कसा लागतो हे दाखविणे हा त्या भाष्याचा विशेष मानला जातो, आणि वाक्यावाक्यांतील असा संबंध हा तर बलागतीचा एक प्रमुख विषय आहे. शिवमंदिरापासून एका स्थानकाच्या अंतरावर, उल्हासनगरात, फाळणीनंतर निर्वासित होऊन आलेल्या सिंधी हिंदू कुटुंबांतील वडीलधारी माणसे ज्या ५२ अक्षरांच्या लिपीत आपली भाषा वाचीत-लिहीत आली, ती लिपी अरबी लिपीतूनच घडलेली आहे. तेव्हा अरबीच्या अध्यापनाचा प्रश्न म्हणजे दूरदेशीची हकीकत असे समजण्याचे कारण नाही.

बलागतीच्या तीन शाखा आहेत. श्रोत्याची मनःस्थिती आणि प्रसंग पाहून वाक्याची रचना कशी करावी, याचा विचार ‘मआनी’ या शाखेत होतो. एकच आशय उपमा, रूपक, लक्षणा अशा निरनिराळ्या वाटांनी कसा व्यक्त होतो, हे ‘बयान’ सांगते. आणि यमक, श्लेष, विरोध इत्यादी शोभाकारक अलंकारांचा परामर्श ‘बदीअ’ घेते. यांपैकी बयानाचे पहिले प्रकरण उघडले की मराठी शाळेत व्याकरण शिकलेल्या कोणालाही आपल्याच घरात आल्यासारखे वाटेल. तेथे उपमेची चार अंगे सांगितली आहेत: मुशब्बह म्हणजे उपमेय, मुशब्बह बिही म्हणजे उपमान, वज्हे-शबह म्हणजे साधारण धर्म, आणि अदाते-तशबीह म्हणजे उपमावाचक शब्द. दोन शास्त्रांनी एकमेकांना न विचारता काढलेली ही चार नावे एकास एक जुळतात, याचे मला प्रत्येक वेळी नवल वाटते. पहिल्या शाखेची मर्मदृष्टी मात्र खास अरबीची आहे. जुर्जानीने एक आख्यायिका दिली आहे. अल-किंदी हा तत्त्वज्ञ अबुल अब्बास नावाच्या वैयाकरणाकडे गेला आणि म्हणाला की अरबांच्या बोलण्यात मला भरताड आढळते. ‘अब्दुल्ला उभा आहे’ हे सांगण्यासाठी ते कधी साधे वाक्य वापरतात, कधी त्याआधी ‘इन्ना’ हा निश्चयवाचक शब्द घालतात, तर कधी त्यावर आणखी एक ‘ल’ जोडतात, अर्थ मात्र तिन्हींचा एकच. वैयाकरणाने उत्तर दिले की अर्थ एक नाही; पहिले वाक्य ज्याला काहीच ठाऊक नाही त्याला दिलेली वार्ता आहे, दुसरे विचारणाऱ्याचे उत्तर आहे, आणि तिसरे जो नाकारतो आहे त्याचे खंडन आहे.

आता या आख्यायिकेतील शास्त्र विद्यार्थ्याच्या गळी कसे उतरवावे? आपल्याकडील निवासी मदरशांत, मग ते १९७९ साली मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी यांनी नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा येथे स्थापिलेले आणि आता विस्तीर्ण झालेले जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम असो, मालेगावातील विद्यापीठे असोत की भिवंडीकडील लहान दारुल उलूम असो, आलिम म्हणजे धर्मपंडित होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यापुढे बहुधा जो अभ्यासक्रम असतो, त्याचा सांगाडा लखनौच्या फिरंगी महलातील मुल्ला निजामुद्दीन (मृत्यू १७४८) यांच्या नावाने ‘दर्से-निजामी’ म्हणून ओळखला जातो. त्यात बलागतीसाठी रूढ झालेला ग्रंथ म्हणजे तफ्ताजानीचा ‘मुख्तसरुल मआनी’. त्याची वंशावळ लक्षात घेण्यासारखी आहे. जुर्जानीचे रसाळ, पुनरुक्तीने भरलेले, उदाहरणामागून उदाहरण चाखीत जाणारे विवेचन तेराव्या शतकाच्या आरंभी सक्काकीने सूत्रबद्ध केले. सक्काकीच्या ग्रंथाच्या त्या भागाचा संक्षेप अल-कझवीनीने (मृत्यू १३३८) केला. त्या संक्षेपावर तफ्ताजानीने (मृत्यू १३९०) विस्तृत टीका लिहिली आणि पुन्हा तिचा संक्षेप केला. म्हणजे आजचा विद्यार्थी संक्षेपावरील टीकेचा संक्षेप वाचतो, तोही उर्दूतील विवरणाच्या आधाराने, आणि त्याची बुद्धी तर्कशास्त्राच्या कसरतीत तरबेज होत असताना मूळ वाक्य कानाला गोड का लागले हा प्रश्न मात्र पुष्कळदा मागे पडतो. तफ्ताजानीची तर्ककुशलता अलौकिक आहे आणि ती शिकण्यासारखी आहे. परंतु ती शिखराची वस्तू असून तिच्यापासून आरंभ केला जातो, हे माझ्या मते या अध्यापनाचे मुख्य वैगुण्य होय.

हे वैगुण्य ओळखणारा पहिला माणूस कोणी आधुनिक शिक्षणतज्ज्ञ नाही. १४०६ मध्ये निवर्तलेल्या इब्न खल्दून या इतिहासकाराने आपल्या ‘मुकद्दिमा’त स्पष्ट बजावले की संक्षिप्त ग्रंथांची रेलचेल अध्यापनाला घातक आहे, आणि भाषेची रसिकता नियमांच्या पाठांतराने येत नसून ऐकण्याच्या व बोलण्याच्या दीर्घ सवयीने येते. व्याकरण जाणणारा पण दोन ओळी धड लिहू न शकणारा माणूस त्याला शिवणकामाचे सारे शास्त्र तोंडाने सांगणाऱ्या, पण हाती सुई दिली असता गोंधळून जाणाऱ्या माणसासारखा वाटला. मुलांना कुराणाबरोबरच कविता, पत्रलेखन आणि सुलेखन शिकविण्याची अंदलुसी लोकांची रीत त्याने विशेष नमूद केली आहे.

त्याच्याही साडेपाचशे वर्षे आधी, बसऱ्याचा अल-जाहिझ (मृत्यू ८६८-६९) याने ‘अल-बयान वत्तबयीन’ या ग्रंथात अभिव्यक्तीची पाच साधने मोजली: शब्द, इशारा म्हणजे हातवारे व मुद्रा, बोटांवरील गणना, लेखन, आणि पाचवे साधन म्हणजे मुक्या वस्तूंची स्थिती, जी पाहणाऱ्याला न बोलता अर्थ सांगते. शब्द आणि इशारा हे त्याने एकमेकांचे भागीदार ठरविले आहेत. भरताच्या नाट्यशास्त्रातील आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक अभिनयांची चौकट ज्यांच्या परिचयाची आहे, त्यांना या यादीचे मोल सांगावयास नको. अलीकडे ‘बहुसंवेदी अध्यापन’ हा शब्द शिक्षणाच्या चर्चेत पुष्कळ ऐकू येतो. त्याचा अर्थ असा की एकच पाठ कान, डोळा, हात, जीभ आणि हालचाल यांतून एकसमयावच्छेदेकरून मनात उतरवावा. पाश्चात्त्य देशांत हे सूत्र माँटेसरी यांच्या खरखरीत कागदाच्या अक्षरांपासून आणि १९३० च्या दशकात वाचनदोष असलेल्या मुलांसाठी ऑर्टन व गिलिंगहॅम यांनी बसविलेल्या पद्धतीपासून प्रचारात आले, आणि आपल्याकडे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी मुलांत पाने, बिया, गोटे यांनाच शैक्षणिक साधन करून त्याला देशी रूप दिले. परंतु बलागतीच्या संदर्भात ही पद्धत बाहेरून आणून चिकटविण्याची गरजच नाही. ज्या शास्त्राच्या आद्य ग्रंथात हातवारे आणि मुक्या वस्तू यांना शब्दाच्या पंक्तीला बसविले आहे, ते शास्त्र केवळ छापील पानावरून शिकविणे हेच त्याच्या स्वभावाला सोडून आहे.

याचा प्रत्यय पाहावयाचा तर जावा बेटाकडे जावे. इंडोनेशियातील निवासी इस्लामी शाळांना पेसांत्रेन म्हणतात, विद्यार्थ्याला सान्त्री आणि गुरूला कियाई. जोंबांगजवळील तेबुइरेंग (१८९९), केदिरीचे लिरबोयो (१९१०), पोनोरोगोजवळील गोंतोर (१९२६) ही त्यांतील नामांकित पीठे. तेथे बलागतीसाठी वापरात असलेला एक ग्रंथ म्हणजे सोळाव्या शतकातील अल्जीरियन पंडित अल-अखदरी याचा ‘अल-जौहरुल मकनून’. कझवीनीच्या संक्षेपातील विषय त्याने सुमारे २९० द्विपदींत गोवला आहे, आणि पेसांत्रेनमध्ये अशी शास्त्रीय पद्ये मुले समूहाने, चालीवर, कधी बाकावर ताल धरून घोकतात. त्या घोकण्याला लालारान म्हणतात. पाठ दोन प्रकारांनी चालतो. सोरोगान पद्धतीत एकेक विद्यार्थी गुरूसमोर बसून वाचून दाखवितो. बांदोंगान पद्धतीत गुरू शब्दाशब्दाला थांबत वाचतो व अर्थ सांगतो, आणि शेकडो विद्यार्थी आपापल्या पोथीत अरबी ओळीखाली, तिरक्या बारीक अक्षरांत, जावानी भाषेचा अर्थ लोंबत्या झालरीसारखा लिहीत जातात. या लेखनात प्रत्येक वाक्यघटकाला ठरावीक खूण असते: उद्देश्याला ‘म’ची, विधेयाला ‘ख’ची, आणि वाचताना उद्देश्यापूर्वी ‘उतावी’ व विधेयापूर्वी ‘इकू’ हे जावानी शब्द उच्चारले जातात. कान गुरूचा स्वर टिपतो, डोळा ओळीवर असतो, हात खूण करतो आणि जीभ मागाहून तेच उच्चारते; वाक्याची रचना, जी मआनीचा प्राण आहे, ती अशी चार वाटांनी एकदम मनात शिरते. गोंतोरने याउलट भाषांतर बाजूला सारून प्रत्यक्ष संभाषणाचा मार्ग धरला, आणि वक्तृत्वाच्या नियमित सभा शिक्षणाचे अविभाज्य अंग केल्या.

आपल्या मदरशांतही हे साहित्य विखुरलेल्या रूपात मौजूद आहे. मगरिबच्या नमाजानंतर वसतिगृहात विद्यार्थी गोलाकार बसून, एकाने उस्तादांची भूमिका घेऊन, दिवसाचा पाठ पुन्हा मोठ्याने उलगडतात. त्याला ‘तकरार’ म्हणतात, आणि ज्याने तो सामूहिक गुंजारव ऐकला आहे त्याला पाठांतर आणि आकलन यांची फारकत किती वरवरची आहे हे उमगते. गुरुवारी रात्री ‘अंजुमन’ भरते, तीत मुले भाषणांचा सराव करतात. तजवीदच्या, म्हणजे कुराणपठणातील शुद्ध उच्चाराच्या, वर्गात अरबी वर्णांची १७ उच्चारस्थाने शिकविताना उस्ताद मुलाला गळ्यावर हात ठेवून ‘क’ आणि कंठमूळचा ‘क़’ यांतील भेद बोटांनी जाणवून घ्यायला लावतात. लाकडी तख्तीवर मुलतानी मातीचा लेप देऊन बोरूने अक्षरे घोटण्याची रीतही काही ठिकाणी टिकून आहे, आणि आपल्या पंतोजींच्या शाळेतील धूळपाटीचे स्मरण ज्यांच्या घरी अजून आहे त्यांना तिचे महत्त्व पटेल. माध्यंदिन शाखेचे वेदपाठक उदात्त-अनुदात्त स्वर हाताच्या हालचालीने दाखवितात, तोही याच जातीचा अनुभव आहे. उणीव एवढीच की उच्चाराच्या वर्गात वापरलेला हात आणि अंजुमनमध्ये कमावलेला आवाज बलागतीच्या तासाला दाराबाहेर ठेवला जातो.

तो आत घेतला तर काय होईल, याची दोन-तीन उदाहरणे सांगतो. किंदीच्या आख्यायिकेतील तीन वाक्यांसाठी तीन मुले पुढे उभी करावीत: एक काहीच न जाणणारा, एक साशंक, एक हट्टाने नाकारणारा; आणि चौथ्याने तीच वार्ता तिघांना सांगावी. तिसऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहताच बोलणाऱ्याच्या स्वरात आपोआप जोर येतो, आणि त्या जोराचेच अरबी रूप ‘इन्ना’ आणि ‘ल’ हे आहे असे सांगितले की विद्यार्थ्याला ते कधी विसरता येत नाही. दुसरे उदाहरण ‘किनाया’चे, म्हणजे सूचकोक्तीचे. एखादा माणूस उदार आहे हे सांगताना जुने अरब त्याच्या दारातील राखेचा ढीग मोठा असल्याचे सांगत. राख पुष्कळ म्हणजे चूल सतत पेटलेली, चूल पेटलेली म्हणजे स्वयंपाक अखंड, स्वयंपाक अखंड म्हणजे पाहुण्यांची वर्दळ, आणि वर्दळ म्हणजे औदार्य. पुस्तकात ही साखळी चार पायऱ्यांत छापलेली असते. परंतु गॅसच्या शेगडीवर वाढलेल्या मुलाला राखेपासून औदार्यापर्यंत जाणारी वाट ठाऊक नसते, त्याला ती पाठ करावी लागते. त्याला मदरशाच्या मतबखात, म्हणजे स्वयंपाकघरात, जेथे अद्याप लाकडाच्या भट्टीवर शेकडो विद्यार्थ्यांचे जेवण शिजत असेल तेथे, दुसऱ्या दिवशी सकाळी उपसलेली राख दाखवावी आणि विचारावे की काल येथे किती माणसे जेवली असतील. उत्तर देताना त्याने किनाया स्वतः केलेली असते.

तिसरे उदाहरण अधिक अवघड आहे, आणि मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. बश्शार इब्न बुर्द हा आठव्या शतकातील कवी जन्मांध होता. रणांगणावर उठलेल्या धुळीत तळपणाऱ्या तलवारींची त्याने तारे निखळत असलेल्या रात्रीशी घातलेली सांगड अरबी साहित्यशास्त्रात अजरामर झाली आहे. जुर्जानीने तिच्यावर जे लिहिले त्याचा आशय असा की येथे धूळ म्हणजे रात्र आणि तलवार म्हणजे तारा अशी दोन सुटी साम्ये नाहीत. काळोखात अनेक तेजस्वी वस्तू निरनिराळ्या दिशांनी, वेगाने, एकमेकींत मिसळत हालतात, त्या समग्र हालचालीची ही एक उपमा आहे. आता एखाद्या उत्साही शिक्षकाने फलकावर एका बाजूला तलवारीचे आणि दुसऱ्या बाजूला ताऱ्याचे चित्र लावले, तर त्याने साधन वापरले खरे, पण विद्यार्थ्याला नेमक्या त्याच गैरसमजात लोटले ज्याच्यापासून जुर्जानी त्याला वाचवू पाहत होता. खोली अंधारी करून चार मुलांच्या हाती बॅटऱ्या द्याव्यात आणि त्यांना त्या फिरवावयास सांगाव्यात. उपमा ज्या गतीत आहे ती गती तेव्हाच दिसेल. इंद्रियाला आवाहन करताना अर्थ कोणत्या इंद्रियगोचर गुणात दडला आहे, रंगात की नादात की वेगात, हे आधी शिक्षकाला उमजलेले असावे लागते. म्हणून ही पद्धत शिक्षकाचे काम हलके करीत नाही, वाढविते.

येथेच आणखी एका भ्रमाचे निरसन करणे प्राप्त आहे. काही मुले ‘डोळ्याने शिकणारी’, काही ‘कानाने शिकणारी’ असतात आणि ज्याला त्याला त्याच्या इंद्रियाप्रमाणे शिकवावे, असा एक समज शिक्षक-प्रशिक्षणाच्या वर्गांतून फार पसरला आहे. २००८ मध्ये मानसशास्त्रज्ञ पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावरील संशोधनाचा झाडा घेतला, तेव्हा या समजाला पुरेसा पुरावा नाही असे त्यांना आढळले. बहुसंवेदी अध्यापनाचा आधार तो नव्हे. आधार विषयाच्या स्वरूपात आहे: जिनास, म्हणजे ज्याला आपण यमक म्हणतो, तो अलंकार कानाचाच आहे आणि प्रत्येक विद्यार्थ्याने तो ऐकलाच पाहिजे; आणि एखाद्या शब्दातील वर्ण एकमेकांशी भांडतात, हे जिभेवर तो अडखळल्यावाचून कळणारच नाही. बश्शारप्रमाणेच, माम्वाणीचे देवालय बांधले जात असता सीरियात निवर्तलेला अबुल अला अल-मअर्री (मृत्यू १०५७) आणि विसाव्या शतकातील इजिप्तचे साहित्यिक ताहा हुसैन (१८८९–१९७३) हेही अंध होते. ताहा हुसैन यांना कैरोच्या अझहर विद्यापीठातील टीकाग्रंथांचे तास रुक्ष वाटले आणि शेख सय्यद अल-मर्सफी यांच्या वर्गात प्राचीन कविता ऐकताना अरबीचा रस लागला. ज्यांना ‘चित्रफलक आणि पडदा म्हणजे आधुनिक अध्यापन’ असे वाटते, त्यांनी या तीन नावांचा विचार करावा.

पुस्तकांचा प्रश्नही सुटलेला नाही असे नव्हे. इजिप्तचे अली अल-जारिम आणि मुस्तफा अमीन यांच्या ‘अल-बलागतुल वाझिहा’ या पाठ्यपुस्तकात आधी उदाहरणे, मग त्यांची चर्चा, मग नियम आणि शेवटी स्वाध्याय असा क्रम आहे, आणि भारतातील अनेक मदरशांतही ते पोहोचले आहे. अडसर आहे तो परीक्षेचा. शशमाही (सहामाही) आणि सालाना (वार्षिक) या दोन्ही परीक्षांत व्याख्या व प्रकार विचारले जातात तोवर कोणताही उस्ताद, कितीही कल्पक असला तरी, राख दाखविण्यात तास घालविणार नाही. यावरचा मार्ग, म्हणजे तोंडी परीक्षा, हा केवळ कल्पनेतला नाही. १८१४ साली सुरतेत स्थापन झालेल्या आणि १० फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबईत मरोळ येथे ज्याच्या नव्या संकुलाचे उद्घाटन झाले, त्या दाऊदी बोहरा समाजाच्या अल-जामिया-तुस-सैफिया या निवासी विद्यापीठात तोंडी परीक्षेची प्रतिष्ठा मोठी आहे. दर्से-निजामीच्या मदरशांनी बलागतीच्या शशमाही परीक्षेत शंभरापैकी तीस गुण जरी तोंडी ठेवले, विद्यार्थ्याला एक अनोळखी अरबी उतारा मोठ्याने वाचावयास देऊन कोठे थांबला, कोठे जोर दिला आणि का, एवढेच विचारले, तरी त्या सहामाहीत वर्गात काय घडावे हे निराळे सांगावे लागणार नाही, आणि मुख्तसर उघडण्याच्या वेळी विद्यार्थ्याच्या कानात निदान शंभर वाक्ये घोळत असतील, ज्यांच्याविषयी तफ्ताजानी काय म्हणतो हे जाणून घेण्याची त्याला स्वतःहून निकड वाटेल.